अवचित गाठींची नोंदवही

१८४२ सालची गोष्ट. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा कारभार नुकताच हाती घेतलेल्या एडवर्ड ब्लाइथ यांना एका संध्याकाळी एक मोठे वटवाघूळ आवारातल्या खोलीत शिरताना दिसले. त्यांनी त्याचा पाठलाग केला. पकडापकडीत त्या वटवाघळाने तोंडात धरलेले काहीतरी खाली टाकले. ब्लाइथ यांना आधी ते त्याचे पिल्लू वाटले. उचलून पाहिले तेव्हा ते निराळ्याच जातीचे, लहानसे वटवाघूळ निघाले. त्याच्या कानामागे जखम होती आणि रक्त गेल्याने ते अगदी गळून गेले होते. ब्लाइथ यांनी दोघांना एका पिंजऱ्यात ठेवले. मोठ्याने लहानावर पुन्हा झडप घातली आणि शेवटी त्याला खाऊन टाकले. जे पाहिले ते ब्लाइथ यांनी त्याच वर्षी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. मेगॅडर्मा नावाचे, मोठ्या कानांचे हे वटवाघूळ दुसऱ्या वटवाघळांची शिकार करते, ही माहिती अशी छापील नोंदीत आली आणि पुढे भारतीय सस्तन प्राण्यांवरच्या ग्रंथांतून पिढ्यान्‌पिढ्या उद्धृत होत राहिली. रानातल्या प्राण्यांविषयीचे आपले बरेचसे ज्ञान अशाच अवचित गाठींतून आले, असे आपण सहज म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. खोलीत वटवाघूळ शिरणे हा योगायोग. पण त्याचा पाठलाग करणे, दोन्ही प्राणी वेगळ्या जातींचे आहेत हे ओळखणे, पिंजऱ्यात काय घडते ते बघणे आणि ते छापणे यांतले काहीच योगायोगाने घडलेले नव्हते. वन्यजीवांशी माणसाची गाठ रोजच पडते. तिचे ज्ञान व्हायला ती नोंदवून घेणारी व्यवस्था लागते, आणि ती व्यवस्था कोणाला दारात घेते व कोणाला बाहेर ठेवते यावर कोणते प्राणी आपल्याला दिसतात हेही ठरते. पश्चिम भारताचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हेच सांगतो.

अशी व्यवस्था मुंबईत उभी राहिली ती १८८३ मध्ये. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरला आठ जण एकत्र आले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली. आठांपैकी दोघे मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाच्या संस्थापकांतले आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार सखाराम अर्जुन. बाकीच्यांत सैन्यातले अधिकारी होते, डॉक्टर होते आणि एडवर्ड हॅमिल्टन एटकिन होते. एटकिन साताऱ्यात जन्मलेले, मीठ व जकात खात्यात नोकरीला असलेले आणि घराच्या आवारातल्या उंदीर, पाली, मुंग्या, कावळे यांच्यावर जीव लावून लिहिणारे गृहस्थ. संस्थेचा मूळ हेतू अगदी साधा होता. दर महिन्याला जमायचे, जे दिसले ते एकमेकांना सांगायचे आणि जे सापडले ते दाखवायचे. १८८६ मध्ये संस्थेचे नियतकालिक निघाले. त्यात मोठे शोधनिबंध असत, पण त्याचे खरे वैशिष्ट्य म्हणजे शेवटची संकीर्ण टिपणे. कोणी अर्ध्या पानात, कोणी चार ओळींत लिहून पाठवी: अमुक तारखेला, अमुक गावाजवळ, अमुक प्राणी दिसला, तो हे करत होता. लिहिणारे बहुतेक जण शास्त्रज्ञ नव्हते. ते वनखात्यात, महसुलात, रेल्वेत, चहाकॉफीच्या मळ्यांवर नोकरी करणारे लोक होते. पोटापाण्याच्या कामामुळे त्यांना दौरे पडत, तंबूत राहावे लागे, रात्री-अपरात्री रानातून जावे लागे. गाठी पडत त्या कामाच्या वाटेवर. संस्थेने त्या गाठींना पत्ता दिला.

पत्ता असण्याने काय फरक पडतो, याचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईतल्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणीसारखा एक पक्षी पाडला. त्याच्या गळ्यावर पिवळा डाग होता. तो कोणता पक्षी, हे घरात कोणालाच सांगता येईना. मामा अमिरुद्दीन तय्यबजी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन संस्थेचे मानद सचिव वॉल्टर मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कपाट उघडून दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे पुढचे पक्षितज्ज्ञ सालिम अली. ही कथा नियतीच्या खेळासारखी सांगितली जाते. वास्तविक तिच्यात नियतीचा भाग थोडा आहे. मुंबई इलाख्यातल्या असंख्य मुलांनी गलोलीने पाखरे पाडली असतील, त्यांतली काही अनोळखीही असतील. त्या मुलांना चिठ्ठी देणारा मामा नव्हता आणि त्यांच्या गावात ते कपाट नव्हते. एका पक्ष्यातून एक आयुष्य घडले, कारण प्रश्न घेऊन जाण्याची जागा ठाऊक होती आणि त्या जागेचे दार उघडले गेले.

यावर पहिला आक्षेप येतो तो शिस्तीचा. ज्ञान सुट्या टिपणांतून होत नाही, पद्धतशीर पाहणीतून होते, असे म्हटले जाते. आणि पुरावा म्हणून याच संस्थेची सस्तन प्राण्यांची पाहणी दाखवता येते. १९११ ते १९२३ या काळात पगारी संग्राहकांनी भारत, ब्रह्मदेश आणि श्रीलंका धुंडाळून सुमारे २५,००० नमुने गोळा केले. तिचा पहिला अहवाल आपल्या खानदेशाचा आहे. पाहणीने फार मोठे काम केले यात शंका नाही. पण तिच्यामागे कोण होते ते पाहावे. लंडनमध्ये नमुन्यांचा अभ्यास करून अहवाल लिहिणारे रॉबर्ट रॉटन हे मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले निवृत्त अधिकारी होते. नोकरीतल्या फिरतीत त्यांनी आधी मुंग्यांचा छंद लावून घेतला होता आणि त्या फिरतीचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यांच्याच नावाचे एक वटवाघूळ आहे. बेळगावजवळच्या खानापूर भागात, भीमगडच्या जंगलात, तळेवाडी गावाजवळ बारापेडे नावाची गुहा आहे. तिथल्या मोठ्या कानांच्या, शेपूट मोकळी असणाऱ्या वटवाघळाचे वर्णन १९१३ मध्ये ऑल्डफिल्ड थॉमस यांनी ब्रिटिश म्युझियममधून प्रसिद्ध केले. त्यानंतर विसावे शतक सरत येईपर्यंत जगाला या प्राण्याची हीच एक वस्ती ठाऊक होती. पुढे कंबोडियात एक नमुना मिळाला आणि मेघालयातही ते असल्याचे कळले. म्हणजे जो प्राणी एका गुहेपुरता वाटत होता तो आशियाच्या मोठ्या पट्ट्यात विखुरलेला असावा. पाहणी जिथे गेली तिथले तिने नोंदले. जिथे गेली नाही तिथला प्राणी तिच्यासाठी नव्हताच. शिस्त आणि अवचित गाठ यांच्यात विरोध नाही. कुठे शोधायचे हे गाठ सुचवते, सुचलेले खरे की खोटे हे शिस्त पडताळते, आणि शिस्तीच्या नकाशात राहिलेली भोके पुन्हा एखादी गाठच दाखवून देते.

महाराष्ट्राच्या बाबतीत या शोधाला एक वेगळे परिमाण आहे, ते लेण्यांचे. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये चुनखडीच्या प्रदेशातल्यासारख्या नैसर्गिक गुहा फारशा होत नाहीत. मात्र सातवाहनांच्या काळापासून हजारेक वर्षे माणसांनी इथे डोंगर कोरून विहार आणि चैत्य खोदले. कान्हेरीत शंभराहून अधिक, अजिंठ्याला तीस, वेरूळ, औरंगाबाद, कार्ले, भाजे, घारापुरी अशी ही माळ आहे. भिक्षू गेले, यात्रेकरूंची वर्दळ थांबली आणि अंधारी, दमट, बारमाही सारख्या तापमानाची ही दालने वटवाघळांनी वसवली. पुढे कुतूहलाने लेण्यांत शिरलेल्या माणसांची पहिली गाठ बहुधा त्यांच्याशीच पडली. छतावरच्या चित्रांना त्यांच्या विष्ठेने अपाय झाला, हेही तितकेच खरे. म्हणून अजिंठ्याला दारे-जाळ्या बसवून त्यांना बाहेर ठेवावे लागले. तो निर्णय योग्यच होता, कारण ती चित्रे पुन्हा काढता येणार नाहीत. परंतु लेणी म्हणजे केवळ शिल्पांचे आगर नसून दक्खनमधल्या वटवाघळांची सर्वांत जुनी वसतिस्थाने आहेत, हे कळायला १९६०च्या दशकाची वाट पाहावी लागली. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंद्रे ब्रोसे यांनी मध्य आणि पश्चिम भारतातल्या वटवाघळांवर लेखमाला लिहिली ती लेणी, किल्ले, पडके वाडे आणि बोगदे पालथे घालून. जिथे कलेचे अभ्यासक नाकाला रुमाल लावून वर भिंतीकडे बघत होते, तिथे त्यांनी छतात कोणती जात कोणत्या कोपऱ्यात राहते, पिल्ले केव्हा होतात, कोणत्या ऋतूत दालन रिकामे होते, हे टिपले. इकडे नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयात एम. ए. मोघे आणि ए. गोपालकृष्ण यांनी वटवाघळांच्या गर्भवाढीचा अभ्यास उभा केला आणि त्यातून एक अभ्यासपरंपराच तयार झाली. या कामाला परदेशी मोहीम लागली नाही. दृष्टी आणि प्रयोगशाळा जवळ होत्या, आणि जनावर तर शेकडो वर्षे शेजारी राहतच होते.

नोंद एकदा झाली की काम संपते, असेही नाही. दक्षिणेत तेणीजवळच्या डोंगरांत १९४८ मध्ये अँगस हटन नावाच्या निसर्गप्रेमी मळेवाल्याला फळे खाणारे एक वटवाघूळ मिळाले. त्याने ते मुंबईला सोसायटीकडे पाठवले. तिथे त्याची ओळख पटवताना चूक झाली. सर्वत्र आढळणाऱ्या आखूड नाकाच्या फळवाघळाचा नमुना म्हणून ते खणात गेले आणि वीसेक वर्षे तिथेच पडून राहिले. पुढे थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ कित्ती थोंगलोंग्या संग्रह पाहायला आले तेव्हा त्यांना दातांची आणि शेपटीची ठेवण वेगळी दिसली. १९७२ मध्ये त्यांनी ही केवळ नवी जात नव्हे, नवी प्रजातीही आहे असे जाहीर केले आणि तिला सालिम अलींचे नाव दिले. या प्रकरणात दोन अवचित गाठी आहेत, एक रानात आणि दुसरी कपाटात. मधल्या वर्षांत तो प्राणी ज्ञानाच्या दृष्टीने हरवलेला होता, पण कायमचा हरवला नाही, कारण नमुन्याला चिठ्ठी बांधलेली होती आणि चिठ्ठीवर ठिकाण व तारीख होती. नाव चुकले होते; मूळ नोंद चुकली नव्हती. म्हणून चूक दुरुस्त करता आली.

मूळ नोंदच खोटी असेल तर काय होते, हे आपल्या नंदुरबार जिल्ह्याने पाहिले आहे. वनपिंगळा हे छोटे घुबड १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडात मिळाले आणि ॲलन ह्यूम यांनी पुढच्या वर्षी त्याला ब्लेविटचे नाव दिले. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला खानदेशात नोकरीला असलेले मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोद्याच्या बाजूने काही नमुने मिळवले. त्यानंतर हा पक्षी दिसेनासा झाला. एकच नवी नोंद होती: १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवीला मिळवल्याची चिठ्ठी असलेला, कर्नल रिचर्ड माइनर्त्झहागेन यांच्या संग्रहातला नमुना. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बारकाईने तपासला तेव्हा लक्षात आले की तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता. संग्रहालयातून उचलून, नव्याने भरून त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती. हा खोटा दुवा बाजूला सारल्यावर शोध खऱ्या नोंदींच्या ठिकाणांकडे वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ वनपिंगळा भरदिवसा झाडावर बसलेला दिसला. मधल्या ११३ वर्षांत तो कुठेही गेला नव्हता. सातपुड्यातले लोक त्याच्या शेजारीच राहत होते. शास्त्राला तो परत मिळाला तो एका शतकापूर्वीच्या प्रामाणिक चिठ्ठीमुळे, आणि त्याला इतका उशीर व्हायला एक खोटी चिठ्ठीही कारण झाली. अवचित गाठीच्या नोंदीचे सारे मोल ठिकाण, तारीख आणि पाहणाऱ्याचा खरेपणा या तीन गोष्टींत आहे. त्यांतले एक जरी ढळले तरी नोंद नसण्यापेक्षाही वाईट अवस्था होते.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. या गाठी बंदुकीच्या टोकावर झाल्या. नोंद ठेवणारे बहुतेक शिकारी होते आणि त्यांच्या कुतूहलाची किंमत प्राण्यांनी मोजली, असा तो आक्षेप. तो नाकारता येत नाही आणि नाकारूही नये. भारतीय चित्त्याची अखेरची ठोस नोंद अशाच गाठीची आहे. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानच्या राजाला रात्री मोटारीतून जाताना तीन नर चित्ते दिसले आणि त्याने तिघांनाही गोळ्या घातल्या. ही हकीकत छायाचित्रासह सोसायटीच्या नियतकालिकाकडे आली, तेव्हा संपादकांनी ती छापली खरी, पण तीव्र तिटकारा व्यक्त करूनच. ते छापले नसते तर आपले हात थोडे स्वच्छ राहिले असते, पण चित्ता कसा संपला याचा पुरावाही उरला नसता. पुढे वन्यजीव संरक्षणाच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या हाती जे होते ते याच नोंदी: कुठे काय होते, किती होते, कोणी मारले, केव्हापासून दिसेनासे झाले. बंदुकीचा काळ गेला याचे समाधान मानावे. त्या काळातली नोंदीची सवय मात्र त्याबरोबर जाऊ देणे परवडणारे नाही, कारण आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, चित्रे भरमसाट आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांना ठिकाण नाही की तारीख नाही.

ज्या प्राण्यांची नोंद नीट झाली नाही त्यांच्या वाट्याला काय आले, हे कायद्यात लख्ख दिसते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाचवी अनुसूची होती, ती उपद्रवी प्राण्यांची. त्यांना मारायला परवानगी लागत नसे. तिच्यात कावळा, उंदीर, घुशी यांच्याबरोबर फळे खाणारी वटवाघळे होती, सगळीच्या सगळी, एका शब्दात. भारतात वटवाघळांच्या सव्वाशेच्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या दोनच जातींना पुढे पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या तोडीचे संरक्षण मिळाले: तळेवाडीचे रॉटनचे वटवाघूळ आणि सालिम अलींचे फळवाघूळ. हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. ज्यांच्या मागे नावानिशी नोंद, ठरावीक ठिकाण आणि अभ्यासकांची चिकाटी होती ते वाचवण्याजोगे ठरले. ज्यांना सगळे रोज बघत होते पण कोणी नीट नोंदवत नव्हते, ते उपद्रवी ठरले. वडापिंपळावर दिवसभर लटकणारी मोठी फळवाघळे बागाइतदारांच्या चिकू-पेरूवर पडतात हे खरे आहे आणि त्या नुकसानीची तक्रार रास्त आहे. मात्र हीच वटवाघळे मोहाच्या फुलांवर जातात, परागीभवन करतात, उंबर-वडाच्या बिया मैलोन्‌मैल नेऊन टाकतात, ही जमेची बाजू नोंदवहीत नव्हती. वहीत फक्त खर्च मांडला गेला आणि त्यावरच कायदा झाला. २०२२च्या दुरुस्तीने ती पाचवी अनुसूची रद्द केली. त्याला पन्नास वर्षे लागली, आणि ती लागली याचे एक कारण म्हणजे परिचित प्राण्याची नोंद ठेवावी असे आपल्याला वाटतच नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. रोज बघणारे कोण होते? २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला निघालेल्या कॅप्टन जॉन स्मिथ यांच्या तुकडीने अजिंठ्याची लेणी शोधली, असे पाठ्यपुस्तकांत छापलेले असते. दहाव्या लेण्यातल्या खांबावर कोरलेले त्यांचे नाव अजून आहे. वाघूर नदीच्या त्या खोऱ्यात गुरे चारणाऱ्या, मध काढणाऱ्या लोकांना ती लेणी आणि त्यांतली वटवाघळे अर्थातच ठाऊक होती. त्यांनी खांबावर नाव कोरले नाही इतकेच. वन्यजीवांच्या नोंदींतही हेच घडले. टिपणांच्या शेवटी इंग्रज अधिकाऱ्याचे नाव येते. गुहेपर्यंत नेणारा वाटाड्या, जाळे लावणारा पारधी, आवाजावरून जात सांगणारा आदिवासी यांचा उल्लेख आलाच तर माझा माणूस, एक गावकरी, एवढाच येतो. अपवाद घडतो तेव्हा तो किती फलदायी असतो हे १९८६ मध्ये दिसले. जर्डनचा धावक हा आंध्रातला पक्षी १९००नंतर कोणाला दिसला नव्हता. सोसायटीच्या अभ्यासकांनी कडप्पा भागात त्याची चित्रे गावोगाव दाखवली, आणि जानेवारी १९८६ मध्ये रेड्डीपल्लीजवळ ऐतन्ना नावाच्या स्थानिक पारध्याने रात्री विजेरीच्या उजेडात तो पकडून आणला. ऐंशीहून अधिक वर्षांचे कोडे सुटले, ते जाणकारांनी आपले चित्र आणि आपला प्रश्न त्या माणसाच्या दारात नेला म्हणून. त्याचे नाव या शोधाबरोबर टिकले, हेही तितकेच महत्त्वाचे.

यावर असे म्हटले जाईल की लोकांच्या सांगण्यात खरे-खोटे मिसळलेले असते. घरात वटवाघूळ शिरले की अपशकुन, घुबड ओरडले की मरण, अमुक प्राण्याची चरबी संधिवातावर औषध, या समजुतींतून शास्त्र कसे वेचायचे? प्रश्न खरा आहे, परंतु तो एकट्या गावकऱ्याला विचारणे न्याय्य नाही. वर पाहिलेल्या इतिहासात सुशिक्षितांच्या चुका काही कमी नाहीत. संग्रहालयाने नव्या प्रजातीला जुने नाव दिले. नावाजलेल्या कर्नलने चोरीचा नमुना स्वतःचा म्हणून खपवला. कायद्याने अनेक वेगवेगळ्या जातींना एकाच खान्यात कोंबले. या चुका सापडल्या त्या नोंद तपासता येत होती म्हणून. चूक करणाऱ्याचा हुद्दा तिथे कामी आला नाही. तीच कसोटी सर्वांना लावावी. धनगराने सांगितले असो की प्राध्यापकाने: कुठे, केव्हा, काय करताना दिसले, दुसऱ्या कोणी पाहिले का, खूण काय राहिली? या प्रश्नांना उत्तर मिळाले की समजूत आपोआप बाजूला पडते आणि निरीक्षण उरते. पिंगळा अशुभ मानणाऱ्या माणसाला तो कोणत्या झाडाच्या ढोलीत राहतो हे अचूक माहीत असू शकते. समजुतीपायी ते निरीक्षण फेकून देणे हे शास्त्राचेच नुकसान आहे.

शेवटचा आक्षेप आजच्या काळाचा आहे आणि तो भीतीतून येतो. केरळात २०१८ मध्ये निपाह विषाणूची साथ आली. महाबळेश्वरजवळच्या गुहेतून मार्च २०२०मध्ये घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहच्या खुणा आढळल्या. करोनाच्या वर्षांत तर वटवाघूळ हा शब्दच धास्ती घालणारा झाला. मग अशा प्राण्यांशी गाठ पडू न देणेच शहाणपणाचे नाही का? हात लावू नये, गुहेत विनाकारण शिरू नये, प्राण्यांनी उष्टावलेली फळे खाऊ नयेत, हे अगदी बरोबर. पण अंतर राखणे वेगळे आणि डोळे मिटून घेणे वेगळे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडलेली दिसू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली. मेलेल्या माकडांची ती वार्ता पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रापर्यंत पोहोचली आणि गोचिडांतून पसरणारा एक नवा विषाणू ओळखला गेला. तोच माकडताप पुढे गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात, काजूच्या बागांत राबणाऱ्या माणसांपर्यंत आला. तिथेही मेलेले माकड दिसल्याची खबर वेळेवर देणे हाच बचावाचा पहिला उपाय आहे. वटवाघळांना फटाके लावून हुसकावल्याने, त्यांची झाडे तोडल्याने धोका कमी होत नाही. विस्कटलेली वसाहत नव्या जागी जाते आणि नवी माणसे तिच्या जवळ येतात. आजार थोपवायला लागते ती पाहिलेली, लिहिलेली, कळवलेली गोष्ट. भीती हे नोंद थांबवण्याचे कारण नसून ती अधिक काटेकोर ठेवण्याचे कारण आहे.

ही व्यवस्था उभी करायला आज नवा कायदा लागत नाही. २००२च्या जैवविविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी प्रत्येक ग्रामपंचायतीत व नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवणे बंधनकारक केले. या कल्पनेमागे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्यासारख्यांचे दीर्घ काम होते आणि तिचा गाभा हाच होता की परिसराचे ज्ञान तिथे राहणाऱ्यांच्या तोंडून, त्यांच्या नावाने लिहिले जावे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मुदत घालून दिल्यावर अनेक नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या, प्राण्यांच्या छापील याद्या उतरवून काम उरकले गेले. अशी यादी म्हणजे नोंद नव्हे. तिच्यात ठिकाण नाही, तारीख नाही, पाहणारा नाही. म्हणजे एकेका टिपणाला खरेपणा देणारे जे तीन आधार या इतिहासाने दाखवले तेच तिच्यात गळाले आहेत. नोंदवही खरी व्हायची असेल तर ती वर्षातून एकदा भरून बंद होता कामा नये. पावसात पाझर तलावाजवळ काय दिसले, उन्हाळ्यात वडावरची वटवाघळे कुठे गेली, मेलेले माकड कोणाला सापडले, हे लिहिणारा माणूस गावात हवा. त्याचा प्रश्न जाऊन पोहोचेल असे महाविद्यालय, वनविभाग किंवा संस्था तालुक्याला हवी, आणि उत्तर परत गावात यायला हवे. १८८३ साली मुंबईत आठ माणसांनी एका टेबलाभोवती जे केले ते आज प्रत्येक तालुक्यात करता येण्याजोगे आहे, आणि ते करताना त्या वेळी दाराबाहेर राहिलेल्यांना आत घेता येण्याजोगे आहे. रानातल्या गाठी पडत राहतीलच. आपण काही केले नाही तरी पडतील. त्या लिहून घ्यायच्या की वाया जाऊ द्यायच्या, एवढाच निर्णय आपल्या हाती आहे, आणि आपल्या शेजारी कोणते प्राणी टिकतील यातला फार मोठा वाटा त्या निर्णयाचा असेल.